माणूस नसताना उघडणारं दार

राधानगरी धरणाच्या सांडव्यावर सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ३४७.५ फुटांच्या पातळीला टेकलं की त्यातला एखादा दरवाजा उघडतो आणि १,४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत सुटतं. पाऊस चालूच राहिला तर दुसरा उघडतो, मग तिसरा. सातही उघडले की विसर्ग दहा हजार क्युसेकच्या घरात जातो. पातळी उतरली की दरवाजे आपोआप मिटतात. यातल्या कुठल्याही टप्प्यावर मोटार चालत नाही, वीज लागत नाही, कोल्हापूरहून हुकूम येत नाही आणि कुणी कळही दाबत नाही. दर जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत दरवाजाच्या क्रमांकासह ही बातमी छापून येते. जिल्ह्याला तिची इतकी सवय झाली आहे की माणसाच्या गैरहजेरीत होणारं काम किती अवघड असतं याचा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. आज बँकांत, साखर कारखान्यांत, सरकारी कार्यालयांत रात्री दोन वाजता संगणकावर आपोआप चालणारी हजारो कामं लावलेली असतात आणि त्यातली कित्येक सकाळी न झालेली आढळतात. कारण बहुधा एकच असतं: ज्या फोल्डरमधून माहिती घ्यायची होती तिथं पोचताच आलं नाही. धरणाचं दार आणि संगणकाची स्क्रिप्ट यांची तुलना ओढूनताणून केलेली वाटेल, पण दोन्हींमागचा प्रश्न एकच आहे आणि राधानगरीच्या इतिहासात त्याचं उत्तर पुष्कळ आधी देऊन झालेलं आहे. काम माणसाशिवाय व्हायचं असेल तर त्या कामाला लागणारी मोजणी, अधिकार आणि वाट या तिन्ही गोष्टी कामाच्या जागीच असाव्या लागतात. दुसऱ्याकडून उसन्या घेतलेल्या गोष्टी नेमक्या वेळी हाताशी नसतात.

हे धरण कोल्हापूर संस्थानच्या शाहू महाराजांच्या दुष्काळातल्या अनुभवातून आलं. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांतच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ दख्खनवर कोसळले. १९०२ साली, महाराजांच्या इंग्लंड दौऱ्याच्याच वर्षी, संस्थानानं पाटबंधाऱ्यांचं धोरण ठरवलं. विहिरी-तलावांची पाहणी झाली. भोगावतीच्या खोऱ्यात, फेजिवड्यापाशी, दगडी धरण घालायचं ठरलं. तिथं वसवलेल्या गावाला राजकन्या राधाबाई अक्कासाहेबांचं नाव मिळालं आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं. या कामाची झेप कळायला संस्थानचा आकार लक्षात घ्यावा लागतो. एक मध्यम संस्थान, साधारण पन्नास किलोमीटरवरची राजधानी, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचं दाजीपूरचं जंगल आणि तिथला मुसळधार पाऊस. पैसा पुरला नाही. पहिलं महायुद्ध संपता संपता काम थांबलं. १९२२ साली महाराज गेले तेव्हा धरण अर्धवट उंचीवरच होतं. राजाराम महाराजांच्या काळात ते पुन्हा हाती घेतलं गेलं आणि १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर, १९५० च्या दशकात, ते पूर्णत्वाला गेलं. ज्या राजानं कल्पना केली त्याच्यानंतर तीसेक वर्षांनी आणि एका राजवटीच्या अस्तानंतर हे धरण भरून वाहिलं. बांधणारा हयात नसताना काम चालू राहावं, ही अपेक्षा या धरणाच्या बाबतीत पहिल्यापासूनच खरी ठरत आली आहे.

दगडी धरणावर दरवाजे का लागतात, ते आधी पाहावं लागेल. सांडवा ज्या उंचीला असेल त्याच्यावर पाणी साठत नाही. आलेलं वाहून जातं. सांडवा खाली ठेवला तर धरण सुरक्षित राहतं, पण पावसाळ्याच्या शेवटी येणारं, उन्हाळ्यात सोन्याच्या मोलाचं पाणी हातचं जातं. सांडवा वर घेतला तर साठा वाढतो, पण एखाद्या रात्री मोठा लोंढा आला तर पाणी भिंतीवरून जाण्याचा धोका राहतो. मधला मार्ग म्हणजे सांडव्यावर हलणारा अडसर बसवणं, आणि तो अडसर वेळेवर हलवणारा माणूस तिथं असणं. सगळी मेख या माणसात आहे. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात काम करणाऱ्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी या माणसालाच गणितातून वगळायचा प्रयत्न केला. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासल्याच्या तलावावर १९०३ साली त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वर ठेवता आली आणि साठा सुमारे पाव हिश्शानं वाढला. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढलं की तोल बिघडून दरवाजे उघडायचे, पातळी उतरली की मिटायचे. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. पुढं ग्वाल्हेरच्या टिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर हीच कल्पना वापरली गेली. राधानगरीचे दरवाजे त्याच घराण्यातले मानले जातात. तपशिलात फरक असतील, तत्त्व तेच आहे: एका बाजूला पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूला वजन, आणि दोघांचा तोल कुठं फिरायचा ती पातळी आधीच ठरवलेली.

या तत्त्वातली खरी हुशारी यंत्रात नाही. कुठली गोष्ट कुठं ठेवायची या निवडीत ती आहे. दरवाजाला माहिती हवी ती एकच, पाणी किती चढलं याची, आणि ती त्याला बाहेरून कळवावी लागत नाही. पाणी स्वतः येऊन दाराला टेकतं. दरवाजाला ताकद हवी, ती वीजगृहातून येत नाही, त्याच पाण्याच्या दाबातून येते. दरवाजाला परवानगी हवी, ती वजन आणि पातळी यांच्या हिशोबात बांधतानाच दिलेली आहे. मोजणारा, ताकद देणारा आणि मंजुरी देणारा असे तिघे एका जागी, एकाच पाण्यात उभे आहेत. याचं महत्त्व पावसाळ्यात राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला गेलेल्या कुणालाही समजेल. ज्या रात्री दरवाजा उघडायची गरज पडते त्याच रात्री झाडं पडून तारा तुटलेल्या असतात, वीज गेलेली असते, फोन लागत नसतो आणि घाटाच्या बाजूचा रस्ता बंद असतो. दार उघडायची गरज ज्या पावसामुळं निर्माण होते, तोच पाऊस दार उघडायचा निरोपही अडवतो. निरोपावर चालणारी कुठलीही व्यवस्था अशा ठिकाणी नेमकी संकटातच निकामी होते. एरवी वर्षभर ती उत्तम चालल्यामुळं तिच्यावर विश्वास बसलेला असतो, हे त्याहून वाईट.

त्याच खोऱ्यात, थोडं खाली उतरलं की उलट प्रकारची व्यवस्था दिसते. राधानगरीतून सोडलेलं पाणी भोगावतीतून, पुढं पंचगंगेतून वाहत जातं आणि ठिकठिकाणी अडवलं जातं ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत. दगडी खांबांच्या खाचांतून लाकडी किंवा लोखंडी बर्गे सोडायचे, मागं पाणी तुंबवायचं आणि काठावरच्या उपसा सिंचनाच्या मोटारींनी ते उसाला द्यायचं. बर्गे ऑक्टोबरच्या सुमारास घालायचे आणि मेअखेर, पावसाआधी, काढायचे. जिल्ह्याचं नाव या बंधाऱ्यांमुळं महाराष्ट्रभर गेलं. आजही 'कोल्हापूर टाइप' म्हटलं की अभियंत्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. पण हे बंधारे संपूर्णपणे माणसाच्या हजेरीवर आणि दिनदर्शिकेवर चालतात. पाऊस तारखेच्या आधी आला, मजूर मिळाले नाहीत, बर्गे खाचेत फुगून अडकले, की बंधाऱ्यावर गाळ-लाकूड अडतं आणि पाणी बाजूनं काठ खाऊन वाट काढतं. याचा अर्थ बंधारे कमी दर्जाचे आहेत असा नाही. वर्षातून दोनदा करायच्या कामासाठी यंत्र बसवणं हा पैशाचा अपव्यय ठरला असता, आणि माणसाला मे महिन्यात तिथं पोचणं सहज शक्य असतं. एकाच नदीवर एकाच शतकात बांधणाऱ्यांनी दोन वेगळे निर्णय घेतले, याचं कारण त्यांनी कामाचं स्वरूप पाहिलं. बर्ग्याचं काम तारखेवर होतं, सांडव्याचं काम अवस्थेवर. तारीख आधी कळते, म्हणून माणूस पाठवता येतो. पाण्याची अवस्था आधी कळत नाही, म्हणून माणसावर विसंबता येत नाही.

संगणकाच्या जगात हा भेद बराच काळ नीट कुणी केला नाही, असं म्हणायला आधार आहे. ठरल्या वेळी काम आपोआप चालवण्याची सोय जुनी आहे. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'क्रॉन' होतं, आणि आजही जगातले असंख्य सर्व्हर त्याच्याच वंशजांवर रात्रीची कामं करतात. विंडोजवर हेच काम टास्क शेड्युलर करतो. फाइली दुसऱ्या यंत्रावर ठेवून जाळ्यातून वापरायची सोयही त्याच सुमाराची: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये एसएमबी या पद्धतीचा पाया घातला गेला, नॉव्हेलचं नेटवेअर आलं, सनचं एनएफएस आलं. नेटवेअरच्या काळात कर्मचारी सकाळी येऊन नाव-पासवर्ड टाकायचा, लॉगइनबरोबर एक छोटी यादी चालायची आणि त्याच्या पडद्यावर 'एफ' नावाची ड्राइव्ह उभी राहायची. ती ड्राइव्ह त्याच्या यंत्रात नसायची, तळमजल्यावरच्या सर्व्हरवर असायची, पण त्याला ती आपल्याच संगणकाचा भाग वाटायची. तशी वाटावी अशीच रचना होती. कार्यालयांत संगणक रुजायला या भासाची मोठी मदत झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. अडचण नंतर आली, जेव्हा त्याच कर्मचाऱ्याच्या हातची कामं रात्री आपोआप व्हावीत असं ठरलं.

इथं घडतं ते असं. दिवसा बसून कुणीतरी स्क्रिप्ट लिहितो: झेड ड्राइव्हवरून आजची फाइल घ्या, बेरीज करा, अहवाल तिथंच ठेवा. हातानं चालवून पाहतो, चालते. टास्क शेड्युलरमध्ये वेळ लावतो आणि 'माणूस लॉगइन असो वा नसो, चालवा' या पर्यायावर खूण करतो. रात्री स्क्रिप्ट चालते आणि झेड ड्राइव्ह सापडत नाही म्हणून पडते. सकाळी तो येतो, पाहतो तर झेड ड्राइव्ह समोर आहे. पुन्हा चालवतो, चालते. संगणकशास्त्र न शिकलेल्या माणसाला हा चमत्कार वाटतो, पण कारण साधं आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हची अक्षरं संगणकाची नसतात, लॉगइन केलेल्या त्या-त्या सत्राची असतात. झेड ही साहेबांच्या खिशातल्या किल्लीसारखी आहे: साहेब हजर असेपर्यंत कपाट उघडतं, साहेब घरी गेले की किल्लीही त्यांच्याबरोबर जाते आणि रात्रपाळीचा माणूस कपाटासमोर उभा राहतो. वेळेवर लावलेलं काम स्वतःच्या वेगळ्या सत्रात चालतं, आणि त्या सत्रात झेड कधी जोडलेलीच नसते. त्यात भर म्हणजे ते काम यंत्राच्या अंतर्गत खात्यानं चालवलं असेल तर पलीकडच्या सर्व्हरला ते कुठल्याही कर्मचाऱ्याचं म्हणून ओळखू येत नाही. सर्व्हरपुढं ते त्या यंत्राच्या नावानं उभं राहतं, आणि त्या नावाला फोल्डर उघडायची परवानगी सहसा कुणी दिलेली नसते. युनिक्सच्या बाजूला रूप वेगळं, रोग तोच: क्रॉन काम चालवतं तेव्हा माणसाच्या सत्रातले नेहमीचे मार्ग आणि सवयी त्याच्याजवळ नसतात. बऱ्याच स्क्रिप्ट तिथंच अडखळतात.

उपाय ठाऊक असलेल्यांना ठाऊक आहेत आणि ते सगळे राधानगरीच्या दाराच्या वाटेनंच जातात. अक्षराऐवजी पूर्ण पत्ता लिहायचा, म्हणजे दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा, सर्व्हरचं आणि फोल्डरचं नाव सांगणारा. तो कुणाच्या सत्रावर अवलंबून नसतो. कामाला स्वतःचं खातं द्यायचं, कुणा कर्मचाऱ्याचं नाही, कारण कर्मचाऱ्यानं पासवर्ड बदलला किंवा त्याची दुसऱ्या कचेरीत बदली झाली की काम बंद पडतं. त्या खात्याला नेमक्या त्या फोल्डरची परवानगी द्यायची. आणि फाइल मिळाली नाही तर गप्प न बसता तसं नोंदवायला लावायचं. वाट, अधिकार आणि मोजणी या तिन्ही गोष्टी हजर माणसाकडून काढून कामाच्या स्वाधीन केल्या की काम रात्री होतं. विश्वेश्वरय्यांच्या दरवाजानं १९०३ साली जे केलं त्यापेक्षा यात वेगळं काही नाही. फरक एवढाच की धरणाच्या बाबतीत उसनवारी स्पष्ट दिसते. तार तुटलेली डोळ्यांना दिसते. संगणकात ती लपलेली असते, आणि सोयीसाठी मुद्दाम लपवलेली असते.

हा प्रश्न कोल्हापूरच्या पुराशीही येऊन भिडतो. २००५ च्या महापुरानंतर कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलसंपदा खात्यानं पाऊस आणि पाण्याची पातळी आपोआप नोंदवून उपग्रह व मोबाइलच्या जाळ्यानं मध्यवर्ती संगणकाकडं पाठवणारी व्यवस्था उभी केली. जागतिक बँकेच्या साहाय्यानं चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाचा तो भाग होता आणि पुराच्या अंदाजाची प्रणाली डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेच्या मदतीनं तयार झाली. त्याआधी धरणावरचा माणूस पट्टी वाचायचा आणि आकडा फोनवरून किंवा वायरलेसवरून कळवायचा. ही सुधारणा खरी आहे आणि मोठी आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा रेषा आणि ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडेल का, हे काही तास आधी कळणं म्हणजे प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीसारख्या गावांनी गुरं-माणसं हलवायला मिळणारा वेळ. पण अशा कुठल्याही व्यवस्थेत आकडा दुसऱ्या ठिकाणाहून आणावा लागतो, कुठल्यातरी सर्व्हरवर उतरवावा लागतो आणि ठरल्या वेळी दुसऱ्या कार्यक्रमानं तो उचलावा लागतो. प्रत्येक सांध्यावर तोच प्रश्न उभा राहतो: माणूस झोपलेला असताना हा सांधा कुणाच्या नावानं उघडणार? म्हणून अंदाज वर्तवणारी प्रणाली आणि सांडव्याचं दार यांत एकाची निवड करण्याची भाषा चुकीची आहे. अंदाजाला दूरवरचे आकडे लागणारच. दाराला ते लागता कामा नयेत.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे दार आंधळं आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर शहर आणि शिरोळ तालुका दिवसेंदिवस पाण्यात होते, तरी राधानगरीचे दरवाजे पाणी पातळीला टेकलं की उघडतच होते. खाली पंचगंगा धोक्याच्या रेषेवर आहे हे त्यांना ठाऊक नसतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे धरण भरेपर्यंत ते उघडतच नाहीत. अतिवृष्टीचा अंदाज असताना आधीच पाणी सोडून जागा करून ठेवायची तर वीजगृह आणि माणसानं चालवायचे सेवा दरवाजे एवढाच मार्ग उरतो, आणि त्याची क्षमता बेताची आहे. आक्षेप खरा आहे. इतिहासातली दोन उदाहरणं त्याला बळच देतात. ग्वाल्हेरचं टिग्रा धरण १९१७ साली फुटलं ते पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरून. वरचे दरवाजे कितीही हुशार असले तरी पायाखाली काय चाललं आहे ते त्यांना कळायचं नव्हतं. आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटून आलेला लोंढा खडकवासल्यावर कोसळला तेव्हा स्वयंचलित दरवाजांचं जिथं पदार्पण झालं होतं तेच धरणही फुटलं. विश्वेश्वरय्या त्या वेळी शंभरीच्या उंबरठ्यावर होते आणि हयात होते. नेमून दिलेल्या अवस्थेपलीकडचं काही घडलं तर असं दार काही करू शकत नाही. रात्री दोनला चालणारी स्क्रिप्टही फाइलचा मजकूर चुकीचा आहे की बरोबर हे ओळखत नाही. फाइल मिळाली की ती पुढं ढकलते.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो: म्हणून दरवाजे माणसाच्या किंवा नियंत्रण कक्षाच्या हाती द्या. सांडव्याचं पहिलं काम पूर थोपवणं नाही, धरण वाचवणं आहे. आठ टीएमसीहून अधिक पाणी अडवणारी जुनी दगडी भिंत पाण्याखाली जाऊ द्यायची नाही, या एका कामासाठी पातळी हेच बरोबर माप आहे, आणि ते माप जागेवरच असणं हीच त्याची किंमत. पूर कमी करण्याचं काम विवेकाचं आहे. त्यात कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्यापासून हवामान खात्याच्या अंदाजापर्यंत सगळं पाहावं लागतं, आणि ते माणसांनीच, चर्चेनं, जबाबदारी घेऊन करायला हवं. ही दोन कामं एकाच दाराकडून करून घ्यायचा हट्ट धरला तर दोन्ही बिघडतील. विवेकाला स्वतंत्र दार लागतं, नियंत्रित आणि पुरेशा क्षमतेचं, खालच्या पातळीवरून पाणी सोडू शकणारं. ते नसणं ही राधानगरीची उणीव आहे. स्वयंचलित दरवाजे असणं ही नव्हे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो संगणकवाल्यांकडून हमखास येतो. गैरहजर कामाला कायमचा अधिकार देणं म्हणजे दार उघडं ठेवणं, असं त्यांचं म्हणणं. खातं तयार केलं, पासवर्ड यंत्रात साठवला, मग तो चोरीला गेला तर? धोका खरा आहे, पण त्याचंही उत्तर सांडव्यावरच सापडतं. राधानगरीच्या एका दरवाजाला दिलेला अधिकार अगदी मर्यादित आहे: एकाच पातळीला, एकच हालचाल, आणि सुटणारं पाणी त्याच्या स्वतःच्या मापापेक्षा जास्त असूच शकत नाही. सहा नंबरच्या दरवाजाला सात नंबरचा उघडता येत नाही. अधिकार कायमचा असला तरी तो इतका आखूड आहे की त्याचा गैरवापर करून फारसं काही साधत नाही. कार्यालयांत मात्र नेमकं उलटं चालतं. रात्रीचं काम अडतं म्हणून कंटाळून त्याला व्यवस्थापकाच्याच, म्हणजे सगळं काही उघडणाऱ्या खात्यानं चालवलं जातं. काम होतं, कुणी तक्रार करत नाही, आणि एका फाइलसाठी सगळ्या फोल्डरांची सत्ता एका स्क्रिप्टच्या हवाली झालेली असते. वाचायचीच गरज आहे त्याला लिहायची परवानगी देऊ नये, एवढी साधी शिस्त पाळली तरी या आक्षेपातली बरीचशी भीती निघून जाते.

तिसरं म्हणणं थोडं वेगळं आहे आणि मला ते जास्त विचारात पाडणारं वाटतं. माणूस कधीच पूर्ण गैरहजर नसतो, असं ते म्हणणं. धरणावर कर्मचारी असतात, पातळी पाहतात, दरवाजा उघडला की खालच्या गावांना इशारा देतात, आकडे वर कळवतात. मग हे दार 'माणसाशिवाय' कसं? डिसेंबर २०२१ च्या अखेरीस याच धरणाच्या एका सेवा दरवाजाच्या दुरुस्तीचं काम चालू असताना तो अडकला आणि भर हिवाळ्यात भोगावतीत जोरानं पाणी सुटलं. माणसं तिथंच होती, म्हणून ते तत्काळ कळलं, नदीकाठाला सावध करता आलं आणि दरवाजा बंद करता आला. ही घटना दोन्ही बाजूंनी वाचता येते. माणूस हजर असूनही हातानं चालवलेलं दार अडकतं, हे एक. पण माणूस हजर होता म्हणूनच अपघात लपला नाही, हेही तितकंच खरं. यातून मला दिसतं ते असं की गैरहजर कामातून माणूस काढायचा तो कृतीतून, देखरेखीतून नव्हे. धरणाचं दार उघडलं की त्याचा आवाज होतो, नदी चढते, बातमी होते. स्क्रिप्ट पडली की काहीच होत नाही. कालचाच अहवाल आजच्या तारखेनं पुढं जातो आणि महिन्याअखेर ताळेबंद जुळत नाही तेव्हा शोध सुरू होतो. म्हणून संगणकावरच्या गैरहजर कामाला नोंदवही धरणापेक्षा जास्त लागते. नोंद ठेवण्याइतकंच ती रोज सकाळी उघडून पाहणारा माणूस नेमणं गरजेचं आहे. तो माणूस कोण, हे लेखी ठरलेलं नसेल तर ती नोंदवही कुणीच वाचत नाही, हा बहुतेक कार्यालयांचा रिवाज आहे.

कोल्हापुरात महापुराच्या निमित्तानं राधानगरीच्या दरवाजांची चर्चा होते तेव्हा 'जुने' हा शब्द दोषासारखा वापरला जातो. दरवाजांच्या लोखंडाचं, वजनांचं, सांध्यांचं आयुष्य असतं. ते तपासावं, झिजलं असेल ते बदलावं, यात वाद नाही. पण ज्या रचनेला तार, वीज, फोन, सर्व्हर आणि पासवर्ड यांपैकी काहीच लागत नाही ती रचना जुनी म्हणून टाकून देणं, आणि तिच्या जागी पुण्या-मुंबईच्या पडद्यावरून चालणारी व्यवस्था बसवणं, हा दाजीपूरच्या पावसाचा आणि आपल्या कार्यालयांतल्या रोजच्या अनुभवाचा, दोन्हींचा विसर पडल्याचं लक्षण ठरेल. पूर कमी करण्यासाठी नियंत्रित दरवाजे हवेत, तर ते वेगळे बसवावेत आणि त्यांचा निर्णय कोण घेणार तेही त्याच वेळी जाहीर करावं. सांडव्यावरचे सात दरवाजे मात्र पाण्याच्याच ताब्यात राहू द्यावेत.